पाण्याचा दिवस

"काकू, धरणावरची मोटर जळाली!"

वर्षाराणी ओट्याच्या पायरीवरूनच ओरडली. ओट्यावर सतरंजी टाकून बसलेल्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या. धपाटे किती दिवस टिकतात आणि समुद्राच्या वाऱ्यानं शेंगाची चटणी सादळते का, यावर तासभर चाललेलं भांडण जागच्या जागी थांबलं.

"कधी?" महादेवीनं विचारलं.

"काल. आमचे हे दुकानावर ऐकून आले. नवी बसवली म्हणं, पण समदं दोन दिवस मागं गेलं ना. आज बुधवार. उद्या टेकडीला पाणी, आन आपल्या गल्लीला शनिवारी."

शनिवारी. महादेवीनं बोटांवर दिवस मोजले.

गाडी शुक्रवारी दुपारी निघायची होती. रात्री कोल्हापूरला मठात मुक्काम, पहाटे घाट उतरून विजयदुर्गाचं बंदर, शनिवारचा अख्खा दिवस तिथं, आणि रविवारी सकाळी घरी. मठ गल्लीच्या भिशीतल्या दहा जणींनी दोन महिने खपून जुळवलेला हा बेत होता. जुळवताना त्यांनी सगळ्यात आधी पाणी पाहिलं होतं. या गावात नळ आठ दिवसांनी एकदा वाहतो. इथं लग्नाची तारीखसुद्धा मठातल्या स्वामींना विचारण्याआधी पाण्याच्या पाळीला विचारून ठरते. पाण्याच्या दिवशी बाई घर सोडत नाही. माहेरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी हौद भरते आणि मगच पिशवी उचलते. गुरुवारी पाणी भरायचं आणि शुक्रवारी भरल्या घरातून निघायचं, असं सगळं नीट बसवलं होतं.

"मग माझं रद्द धरा," एक जण म्हणाली.

"माझं बी. घरात पाहुणे येऊन राहिले पुढल्या आठवड्यात. कोरड्या घरात काय करू?"

"अगं, घरच्या पुरुषांना सांगा की भरायला," महादेवी कशीबशी म्हणाली. यावर सगळ्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की पलीकडच्या ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"आमचे उद्धवराव भरतील हो," विशाखाबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्या कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि गल्लीत अजून बाईच होत्या. "पण मागच्या खेपेला पिण्याचं पाणी त्यांनी धुण्याच्या बादलीत भरलं आणि धुण्याचं माठात. चार दिवस मला कळलंच नाही."

हसणं ओसरलं आणि सगळ्यांच्या नजरा हळूहळू महादेवीकडे वळल्या. ते ती ओळखून होतीच. शेवटी वर्षाराणीच बोलली. "काकू, चावी तर तुमच्याच घरात हाय की. मालकांना म्हणा ना, उद्या आपल्याला सोडा, टेकडीला शनिवारी. दोन दिवसांनं त्यांचं काय बिघडतंय?"

"दहा जणी असल्या तरच गाडी निघणार," विशाखाबाई हळूच म्हणाल्या. "एक जरी कमी झाली, तरी तो गाडीवाला नाही म्हणतोय."

महादेवीनं मान हलवली. विचारते म्हणाली. पण विचारून काय होणार, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिचे मालक गुरुबसप्पा गावचे व्हॉल्व्हमन होते. एकतीस वर्षं झाली, खांद्यावर लांब लोखंडी पाना टाकून हा माणूस गल्लोगल्ली हिंडत होता. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या खड्ड्यांची झाकणं उचलायची, पाना घालायचा, बावीस फेरे फिरवायचे, की त्या भागाच्या नळांना पाणी. बावीस उलटे फिरवले की बंद. गावात त्यांना नमस्कार करणारे होते तितकेच पाठीमागे शिव्या देणारे. पण पाळी सोडून त्यांनी एकदाही व्हॉल्व्ह उघडला, असं त्यांचा वैरीही म्हणाला नसता. त्यांची आई गेली तेव्हा घरात माणसं मावत नव्हती आणि हौदात वीतभर पाणी होतं. मठ गल्लीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. गुरुबसप्पांनी लांबच्या विहिरीवरून बैलगाडीनं पाणी आणलं, आईला माती दिली, आणि संध्याकाळी जाऊन ज्यांची पाळी होती त्यांचा व्हॉल्व्ह उघडून आले. या गोष्टीचं गावाला कौतुक होतं. महादेवीलाही होतं, पण त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांची भांडी तिनं राखेनं घासली होती, तेही ती विसरली नव्हती.

ती उठून आत गेली आणि चुलीपाशी उगाच उभी राहिली. सहल बुडाली तर बायका हळहळतील आणि तुळजापूरला जातील. तिचं तसं नव्हतं. विजयदुर्गाला तिची लेक, दामिनी होती.

दामिनी नर्स झाली आणि नोकरी लागली ती थेट कोकणात. वर्षभरानं तिचा फोन आला, की तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. घरचे मासेमार, स्वतःची होडी. गुरुबसप्पांच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. रोज लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तिचं नाव या घरात काढायचं न्हाई." चिडले नाहीत, रडले नाहीत. पुढची चार वर्षं नाव निघालं नाही. दामिनीला मुलगी झाली. तीन वर्षांची झाली. महादेवीनं नातीला फोनच्या काचेत पाहिलं होतं, तेवढंच. एकटीनं जायचं तर नांदेडच्या पलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती, आणि काय सांगून जायचं?

म्हणून भिशीत सहलीचा विषय निघाला, तेव्हा जन्मात कशाला हट्ट न केलेली ही बाई बंदराचा हट्ट धरून बसली. सगळ्या चक्रावल्या. नशिबानं विशाखाबाईंनीच बाजू घेतली. शाळेत सांगाव्या तशा त्या सांगू लागल्या, की ते नैसर्गिक बंदर आहे. कुणी भिंत बांधली नाही, काही नाही. जमीनच अशी पुढं आली आहे, की वादळ उठलं तरी आतलं पाणी शांत राहतं. लांबलांबच्या होड्या जीव वाचवायला तिथं येऊन थांबतात. ऐकून सगळ्या तयार झाल्या होत्या.

फोन वाजला. गुरुबसप्पा बाहेर गेलेले असताना या वेळेला फोन कुणाचा, हे तिला न बघताही कळलं.

"अव्वा, येतीस ना नक्की?" दामिनी विचारत होती. बोलण्यात आता कोकणचा हेल आला होता, पण 'अव्वा' तसंच होतं. "ऐक, सासूबाईंनी नवी भांडी आणलीत. तुझ्यासाठी. त्यात काही शिजवलं नाही बग अजून. अंगणात वेगळी चूल घातलीय. म्हणाल्या, तुझ्या आईनं आपल्या हातानं करून खावं, मग तिला संकोच व्हणार न्हाई."

महादेवीनं पदर डोळ्यांना लावला.

"अव्वा?"

"येते गं माय," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि मग तिला भीती वाटली.

जेवायच्या वेळी गुरुबसप्पांच्या ताटात दुसरी भाकरी टाकताना तिनं विषय काढला. "उद्या आपल्या गल्लीला पाणी सोडता का?"

"उद्या टेकडीचं हाय."

"त्यांना शनिवारी द्या की. एक डाव. भिशीच्या बायका म्हणून राहिल्या."

"टेकडीला दहा दिवस झाले. माणिकप्पाच्या घरी बाळंतीण हाय. वरच्या अंगाला आधीच धार बारीक." ते शांतपणे भाकरी मोडत होते. "बायकांला म्हण, सहल पुढं ढकला."

"पुढं न्हाई ढकलता येत."

"कामून?"

कामून. हा एक शब्द तिच्या पुढ्यात पडला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण सांगितलं आणि ते 'जायचं नाही' म्हणाले, तर? मग चोरूनही जाता येणार नव्हतं.

"गाडी परत मिळत न्हाई," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली तुमाला. माझ्यासाठी म्हणून, एक डाव."

गुरुबसप्पांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ताटावर हात धुतला. "पाणी माझ्या बापाचं हाय का, महादेवी?"

गुरुवारी दुपारपर्यंत वर्षाराणीसकट चार जणींनी नाही म्हणून कळवलं. विशाखाबाईंचा निरोप आला, की गाडीवाल्याला संध्याकाळी पाचपर्यंत काय ते सांगायचं आहे. महादेवी दिवसभर घरात नुसती फिरत होती. भांडं उचलायची, तिथंच ठेवायची.

गुरुबसप्पा अकराला टेकडीचा व्हॉल्व्ह उघडून आले, जेवले आणि नेहमीसारखे अर्धा तास आडवे झाले. पाना दाराला टेकवलेला होता. महादेवी त्याच्याकडे बघत उंबऱ्यात बसली. कितीदा तरी ती त्यांना डबा घेऊन गेली होती. बावीस फेरे ते ओठातल्या ओठात मोजतात, तेही तिला पाठ होतं.

मग तिनं पाना उचलला. वाटला होता त्याहून जड निघाला. पदराखाली लपण्यासारखी ती वस्तूच नव्हती, तरी तिनं पदर ओढला आणि पिठाच्या गिरणीसमोरच्या कोपऱ्यावर गेली. वीज गेली होती, म्हणून गिरणी बंद होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. झाकण उचलताना तिची दोन बोटं चेपली. ओणवं होऊन तिनं पाना आत बसवला आणि सगळा जीव लावून फिरवला. हलेना. पुन्हा जोर केला. एक. दोन. तिसऱ्या फेऱ्याला पायाखालच्या नळीत काहीतरी घरघरलं आणि ती घरघर गल्लीभर पसरत गेली.

"पाणी आलं! अगं पाणी आलं!"

आधी एक दार उघडलं, मग सगळी. बादल्या, घागरी, पाइप. वर्षाराणी पदर खोचून धावली. दोन मिनिटांत गल्लीला जत्रेचं रूप आलं. महादेवी तशीच ओणवी उभी होती. तेवढ्यात टेकडीच्या चढावरून कुणीतरी बाई हाका मारू लागली. "वो! पाणी गेलं की आमचं! आता तर व्हतं! आत्ता तर चालू व्हतं!" ती हाक ऐकली आणि महादेवीनं मान वर करून चढाकडे पाहिलं. माणिकप्पाच्या घरची ती बाळंतीण कुठली कोण, तिनं पाहिलीही नव्हती. तिच्या तोंडचं पाणी आपण आपल्या गल्लीत वळवलं, हे तिला आता कळलं. तिनं पाना उलटा फिरवायला जोर लावला, पण तो हलेना.

मागून दोन हात आले आणि पाना त्यांनी धरला. गुरुबसप्पा अनवाणी आले होते. त्यांनी तिला बाजूला केलं, तीन फेरे उलटे घातले, झाकण सरळ बसवलं. गल्लीतला आवाज मंदावला. रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"तपासणी व्हती," गुरुबसप्पा मोठ्यानं म्हणाले. "व्हॉल्व्ह अडकत व्हता, तो मी हिला बघायला लावला. आपलं पाणी शनिवारी."

एकतीस वर्षांत ते पहिल्यांदा व्हॉल्व्हपाशी उभे राहून खोटं बोलले. महादेवीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

घरी आल्यावर त्यांनी पाना जागेवर ठेवला, तिच्या चेपलेल्या बोटांवर तांब्यानं पाणी घातलं, आणि समोर बसले.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "लई मोठी झाली. मला काय बी म्हणा. पण मी..."

"मी व्हॉल्व्हवर गेलो की घरी फोन करतो," ते मध्येच म्हणाले. "आपल्या नळाला पाणी पोचलं का विचारायला. चार वर्षं झाली, तुझा फोन लागतच न्हाई. सारखा दुसऱ्या फोनवर." ते जमिनीकडे बघत होते. "तुला दुसरं कोण हाय गं एवढं बोलायला?"

महादेवी तोंडात पदर कोंबून रडू लागली. रडता रडता बंदराचं, दामिनीच्या तीन वर्षांच्या लेकीचं, सगळं बाहेर आलं. गुरुबसप्पांनी तिला रडू दिलं. उठून पाठीवरून हात फिरवावा, असा त्यांचा स्वभाव नव्हता. तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "किती घरं हायत?"

"कसली?"

"सहलीची. तू सोडून."

"नऊ."

"सगळ्यांला म्हण, किल्ल्या इथं आणून द्या. व्हॉल्व्ह उघडला की तसं बी मी दोन तास बसूनच असतो. उद्याच सगळ्यांचे पाइप लावून ठेवतो. शनिवारी नऊची नऊ घरं भरतो." ते उठले, चप्पल घातली. "टेकडीवर जाऊन येतो. दहा मिनटं त्यांची गेली, ती वाढवून द्यावी लागतील."

शुक्रवारी दुपारी मठासमोर गाडी उभी राहिली तेव्हा गुरुबसप्पा ओट्यावर बसले होते आणि एकेक बाई त्यांच्या हातात किल्ली आणि सूचना ठेवत होती. आधी माठ, मग हौद. निळा ड्रम गळतो, त्यात नका भरू. देवघरातली घागर अंघोळ करून शिवा. विशाखाबाईंनी तर दोन पानं लिहून आणली होती आणि वर सांगितलं, "उद्धवराव घरी असतील, पण त्यांना काही करू देऊ नका." गुरुबसप्पा सगळ्यांना 'हाव, हाव' म्हणत होते.

सगळ्या गाडीत चढल्या. महादेवी शेवटी राहिली. पिशवी उचलून ती त्यांच्यापुढे थांबली आणि खूप धीर करून म्हणाली, "तुमी बी चला ना. किल्ल्या दुसऱ्या कुणाला..."

"उद्या पाण्याचा दिवस हाय."

हे वाक्य तिनं जन्मभर ऐकलं होतं. लग्नकार्याला, जत्रेला, तिच्या वडिलांच्या आजारपणाला. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की हा माणूस या वाक्याच्या आड उभा आहे आणि बाहेर कसं यायचं, ते त्यालाच कळत नाही. तिला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी फार कणवही आली.

गुरुबसप्पांनी खिशातून कापडाची छोटी पुरचुंडी काढली आणि तिच्या हातात दिली. महादेवीनं गाठ सोडली. आत शिवदोऱ्यात ओवलेलं, चांदीच्या इवल्याशा डबीतलं लिंग होतं. लिंगायतांच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी येऊन त्याच्या गळ्यात ते बांधतात. दामिनीला याच ओट्यावर बांधलं होतं, अकराव्या दिवशी. या डबीचा दोरा तीन वर्षांच्या मुलीच्या गळ्याच्या मापाचा होता.

"सकाळी स्वामींकडं गेलो व्हतो," ते म्हणाले. "पोरीला दे. पण बांधायच्या आधी तिच्या बापाला विचार. तो न्हाई म्हणला तर वाद घालू नको. परत घेऊन ये."

महादेवीनं पुरचुंडी पुन्हा बांधली. गाठ बसेपर्यंत तिला बराच वेळ लागला. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि गाडी हलली तसे गुरुबसप्पा एकदम ओट्यावरून उतरून दोन पावलं पुढं आले.

"नाव काय हाय तिचं?"

"मनस्विनी," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. मग महादेवी खिडकीबाहेर वाकली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मनस्विनी!"

कोण मनस्विनी, असं गाडीत कुणीच विचारलं नाही. विशाखाबाईंनी तेवढा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

महादेवी मागच्या काचेतून बघत होती. गुरुबसप्पा रस्त्यात उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. कुणाची कुठली, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. गाडी गिरणीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ते वर्षाराणीच्या दारात उभे राहून एकेक किल्ली कुलपाला लावून बघत होते.